आत्यांनी मुंबई पाहिली

दर वेळी मी या कार्यक्रमात बचतीचा हप्ता, अंतर्गत कर्ज, बँकेची सीसी असलं काहीतरी घेऊन येते. आज सहलीबद्दल बोलणार आहे. दिवाळीत भाऊबीज उरकली आणि आम्ही घरातले पाचजण तीन दिवस मुंबईला जाऊन आलो. आल्यापासून कुठल्याही गटाच्या बैठकीला गेले की वही उघडायच्या आधी तोच विषय. ‘ताई, किती खर्च आला? उतरला कुठं? म्हातारीला कसं नेलं?’ म्हणून म्हटलं, रेडिओवरच एकदा सगळ्यांना सांगून टाकावं.

पाचजण म्हणजे मी, आमचे मालक, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं वय ७२. आमचा पाटण तालुका, डोंगराच्या कडेचं गाव. आमच्या भागात एक काळ असा होता की घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. माझे सासरे १९६५ मध्ये गेले आणि १९८३ मध्ये कायमचे परत आले. अठरा वर्षं लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. त्या अठरा वर्षांत आत्या एकदाही मुंबईला गेल्या नाहीत. जाणार कशा? घरी सासू-सासरे, दोन म्हशी, डोंगरउताराची भातखाचरं. आणि मुंबईत नवऱ्याला तरी स्वतःची खोली कुठं होती? लग्न झालं, पोरं झाली, मनीऑर्डरी आल्या, नवरा गेला, पण ज्या गावावर सगळं घर चाललं ते गाव बाईनं पाहिलं नव्हतं. आपल्या श्रोत्यांमध्ये अशा पुष्कळजणी असतील. तुमच्या आईला, सासूला विचारून बघा.

जायचं म्हटल्यावर घरात दोन मतं पडली. एकजण म्हणाले, म्हातारीला न्यायचं तर पंढरपूर, तुळजापूर करा, मुंबईत काय ठेवलंय? दुसऱ्यांनी हिशोबच मांडला, एवढ्या पैशात शेळी येते. खरंय, येते. पण हे पैसे मी गेली जवळजवळ दोन वर्षं महिन्याला ३०० रुपये असे वेगळे टाकत आले होते, गटाच्या बचतीला हात लावला नव्हता, कुणाकडं मागितले नव्हते. आणि आत्याच म्हणाल्या, “देवाला लई येळा गेले मी. आता तिथं न्या.”

एसटीचं तिकीट बायकांना अर्धं आहे. १७ मार्च २०२३ पासून ही सवलत सुरू आहे, तरी अजून काहीजणी विचारतात म्हणून सांगितलं. मी, आत्या, मुलगी तिघी अर्ध्या तिकिटात, मुलगा बारा वर्षांच्या आतला म्हणून तोही अर्धा. पूर्ण तिकीट एकट्या मालकांचं. ७५ च्या पुढं एसटी फुकट असते हे कळल्यावर आत्या म्हणाल्या, “मग तीन वर्सं थांबू का?” रात्रीच्या गाडीनं निघालो आणि पहाटे परळला उतरलो.

परळ हा दवाखान्यांचा भाग. टाटा हॉस्पिटल तिथंच, केईएम तिथंच, वाडिया तिथंच. पहाटेच्या अंधारात फुटपाथवर चादरी टाकून झोपलेली माणसं दिसली. उशाला फाईल, शेजारी पाण्याची बाटली. माझ्या ओळखीतल्या ज्या बायका मुंबईला जाऊन आल्यात, त्यातल्या बहुतेक याच कामाला गेल्या होत्या. म्हणून जाता जाता एक सांगते, वही जवळ असेल तर लिहून घ्या. टाटाला कुणाला न्यायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे आणि परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. बाहेरगावच्या पेशंटची आणि सोबतच्या माणसांची राहायची सोय दोन्हीकडं होते. तिथं जागेसाठी रांग असते, तेव्हा जायच्या आधी चौकशी करावी आणि दवाखान्याचे कागद जवळ ठेवावेत.

आम्ही उतरलो होतो लालबागला, माझ्या चुलत सासूबाईंकडं. त्यांना आम्ही काकी म्हणतो. चाळीतली दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, बाहेर लांबच लांब गॅलरी, संडास गॅलरीच्या टोकाला. घरात त्यांचा मुलगा, सून, नातू आणि वर आम्ही पाचजण. पाहुण्याकडं पाचजणांनी जायचं म्हणजे हात हलवत जाता येत नाही. घरचा इंद्रायणी तांदूळ, नाचणीचं पीठ, कुळीथ आणि आमच्या गटाची कांदा-लसूण चटणी घेऊन गेलो होतो. पुरुषमंडळी रात्री गॅलरीत झोपली.

पोरांची मुंबई आधी सांगून मोकळी होते. पहिल्या दिवशी दुपारी राणीची बाग. दीडशे वर्षांहून जुनी बाग आहे, मोठमोठी झाडं, आणि आता पेंग्विनही आहेत. काचेमागं बर्फासारख्या गारव्यात ठेवलेत. मुलगा तिथून हलेना. एवढंच लक्षात ठेवा की राणीची बाग बुधवारी बंद असते. मुलीला समुद्र बघायचा होता, तो दादरलाही बघितला आणि गिरगाव चौपाटीवरही. लोकलमध्ये आम्ही तिघी बायकांच्या डब्यात, बाप-लेक पुरुषांच्या डब्यात, आणि उतरायचं स्टेशन चढायच्या आधी पोरांकडून पाठ करून घेतलेलं. करी रोडला चढायचं, मधे परळ, मग दादर. लोकलचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आहे, त्यामुळं फिरण्याचा खर्च आपण घाबरतो तेवढा होत नाही. घाई तेवढी भयंकर. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर म्हातारं माणूस सोबत असताना लोकलमध्ये चढू नये, हे मी स्पष्टच सांगते.

आता रात्रीची गोष्ट. मला खरं तर हीच सांगायची आहे.

काकी लग्न होऊन या खोलीत आल्या १९७२ च्या सुमाराला. आल्या त्या दिवसापासून त्यांनी खानावळ चालवली. आपल्या भागातले गिरणीत काम करणारे गडी महिन्याच्या बोलीनं त्यांच्याकडं जेवायचे. एका वेळी चौदा माणसं. त्यांतले आठ-नऊजण ट्रंका त्याच खोलीत ठेवायचे आणि झोपायचेही तिथंच, पाळीपाळीनं. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. सातच्या पाळीला डबा द्यायचा म्हणून काकी साडेतीनला उठायच्या. चारला नळ यायचा, त्याच्या आत चपात्यांची कणीक मळून झाली पाहिजे. नळावर भांडण ठरलेलं. रॉकेलचा स्टोव्ह, दोन पंगती दुपारी, दोन रात्री. गावाला गेलेल्या माणसाचे खाडे वजा करायचे, ते दाराच्या मागं खडूच्या रेघा मारून ठेवायच्या, कारण लिहिता येत नव्हतं. पगार दहा तारखेला व्हायचा, तेव्हा पैसे. तोवर वाण्याची उधारी.

हे सगळं काकी सांगत होत्या आणि आत्या गप्प ऐकत होत्या. आमचे सासरे त्या चौदांतले एक होते. सख्ख्या चुलत दिराच्या हातचं नाही, भावजयीच्या हातचं खात होते, म्हणून गावाला सगळ्यांना वाटायचं की माणूस मजेत आहे. सासरे गणपतीला, शिमग्याला गावाला यायचे तेव्हा टेरिलिनचा शर्ट, हातात पत्र्याची ट्रंक, पोरांना खाऊ. आत्या शेवटी बोलल्या. “मला वाटायचं, हे तिकडं रोज कालवण-चपाती खात्यात आणि आमी हितं खरडा-भाकरी. आन् तुजं तर काय, राणीच मुंबईची.”

काकी हसल्या. म्हणाल्या, “आक्का, भाऊजी महिन्यातून सात-आठ रात्री खाडा लावायचे. पैसे वाचतात म्हणून. पोट बिघडलंय म्हणायचे. मला कळायचं की. कधी उरलेली भाकरी ठेवायची मी, कधी नसायची उरलेली.” मग म्हणाल्या, “ते पावसाळ्यातसुद्धा गॅलरीत झोपायचे, गोणपाट लावून. आत माणसं मावायची नाहीत.”

आत्या मनीऑर्डरीबद्दल बोलायला लागल्या. पोस्टमन यायचा, अंगठा घ्यायचा, पैसे मोजून द्यायचा आणि फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. म्हशीला औषध पाजा. आईला जपा. पोस्टमनच्या तोंडून ऐकायचं, त्यामुळं दोन ओळींच्या वर काही लिहिता यायचंच नाही. इकडून दरवर्षी सुगीला भाताचं पोतं एसटीच्या टपावरून मुंबईला जायचं. आत्या म्हणाल्या, “ते पोतं भरताना माझ्या जिवावर यायचं, खरं सांगते. म्हटलं, आमच्या घामाचं भात हिच्या चुलीवर जातंय, ही त्यावर पैसं कमावती.”

“चौदा माणसांत पोतं बारा दिवस पुरायचं, आक्का,” काकी म्हणाल्या. 

मग संपाचा विषय निघाला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. काकींच्या चौदा माणसांपैकी कुणाकडंच पैसे नव्हते. पहिले दोन-तीन महिने त्यांनी तसंच जेवू घातलं. पाटल्या गहाण टाकल्या, त्या सुटल्या नाहीत. काही गड्यांनी पुढं चार-पाच वर्षांनी गावाहून पैसे पाठवले, काहींनी नाही पाठवले. कुणाचे बाकी आहेत ते काकींना आजही तोंडपाठ आहे, पण नावं सांगत नाहीत. इकडं सासरे गावाला परत आले आणि आत्यांनी अठरा वर्षं राखलेल्या त्या खाचरांवर पुढं सगळं घर जगलं.

मी गटांचे हिशोब तपासणारी बाई. झोपेना मला. माझ्या डोक्यात एकच विचार. गिरणीचा पगार एका माणसाचा होता. तो पगार पुरायचा कसा? तर इकडं एक बाई बिनपगारी शेत बघत होती, सासू-सासऱ्यांचं आजारपण काढत होती, पोरं वाढवत होती, म्हणून. आणि तिकडं दुसरी बाई साडेतीनला उठून चौदा माणसांना उधारीवर जेवायला घालत होती, म्हणून. हा माल दोघींनी पुरवला होता आणि गिरणीच्या कुठल्या वहीत त्याची नोंद नव्हती. वर दोघींना एकमेकींबद्दल पन्नास वर्षं वाटत राहिलं की ती सुखात आहे आणि मी कष्टात. तसं वाटायला लावण्यात घरातल्या पुरुषांनी फार काही केलं असं नाही, दोघींना एका जागी बसून बोलायला वेळ कधी मिळाला नाही एवढंच. लग्नकार्यात भेटायच्या तेव्हा एक पोळ्या लाटत असायची, दुसरी वाढत असायची.

सकाळी उठल्यावर आत्यांनी काकींना विचारलं, गॅलरीत कुठं झोपायचे ते दाखव. काकींनी जिन्याजवळचा कोपरा दाखवला. तिथं आता कुणाची तरी सायकल आणि तुळशीचा डबा आहे. आत्या थोडा वेळ तिथं उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, चला, चहा घेऊ.

दुपारी आम्ही लोअर परळला फिनिक्स मिल बघायला गेलो. करी रोडहून चालत जाता येतं. गिरणी म्हणायची पद्धत, आता तिथं भलामोठा मॉल आहे. गिरणीची जुनी चिमणी तेवढी उभी ठेवलीय. आत शर्टांच्या किमती बघून मुलगी मला चिमटे काढत होती. आत्या बाकावर बसून चिमणीकडं बघत होत्या. त्यांनी विचारलं, भोंगा वाजतो का अजून? सुरक्षारक्षक जळगावकडचा मुलगा होता, त्याला भोंगा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. आत्यांनी त्याला समजावून सांगितलं, जणू त्यांनी स्वतः ऐकला होता.

गिरणी कामगारांच्या घरांचंही लोक मला विचारतात. म्हाडाकडं कामगारांचे आणि वारसांचे दीड लाखाहून जास्त अर्ज आलेत आणि २०१२ पासून सोडती निघाल्या तरी घर मिळालेले त्या मानानं थोडे आहेत. आमचाही अर्ज आहे. आत्यांनी सासऱ्यांचं गिरणीचं तिकीट, हजेरीचं कार्ड असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलंय, मुंबईलाही ते घेऊन आल्या होत्या. काय म्हणून आणलं विचारलं तर म्हणाल्या, असू दे सोबत. तुमच्या घरी असे कागद असतील तर लॅमिनेशन करू नका, झेरॉक्स काढून मूळ कागद जपून ठेवा.

आता थोडं धंद्याचं. मी कुठंही गेले तरी माझं लक्ष तिकडंच जातं, आमचे मालक चिडवतात.

लालबागला मसाल्याची गल्ली आहे. चार पावलं आत गेलं की ठसका लागतो. ब्याडगी, संकेश्वरी, गुंटूर, काश्मिरी, प्रत्येक मिरचीचा वेगळा ढीग आणि त्यावर भावाची पाटी. गिऱ्हाईक मिरची निवडतं, खडा मसाला निवडतं, तिथंच भाजून घेतं आणि डंकावर कुटून नेतं. मार्च ते मे खरा हंगाम, वर्षाचा मसाला तेव्हा होतो. आम्ही गेलो तेव्हा गर्दी कमी होती म्हणून दुकानदार बोलायला मोकळे होते. मी बघितलं ते असं की गिऱ्हाइकासमोर कुटलं जातं, म्हणून भेसळीची शंकाच उरत नाही, आणि त्या विश्वासाचे लोक दोन पैसे जास्त देतात. आपण काय करतो? चटणी घरात कुटतो, पाकिटात बंद करतो आणि मग गिऱ्हाइकानं विश्वास ठेवावा म्हणतो. आमच्या गटानं आता ठरवलंय की आठवडी बाजारात निदान भाजणं तरी लोकांसमोर करायचं. वास हीच जाहिरात.

त्याच लालबागची आणखी एक गोष्ट. लालबागचा राजा तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाय. तो गणपती कसा बसला माहीत आहे का? तिथला पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला. कोळी मंडळी आणि विक्रेते उघड्यावर आले. बाजाराला कायमची जागा मिळू दे, असा त्यांनी नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. आपल्या भाजीवाल्या बायकांना ग्रामपंचायतीनं दर बाजारी इकडून उठवून तिकडं बसवायचं, हे आपल्याला नवं नाही. त्यामुळं मला ही गोष्ट फार आवडते.

शनिवारी पहाटे पाचला आम्ही दादरच्या फुलबाजारात होतो. अंधारात झेंडूचे डोंगर. झेंडू पुणे, सातारा बाजूचाही येतो, म्हणजे आपल्याच रानातला. एका कडेला बायका बसलेल्या, केळीची पानं, आंब्याचे डहाळे, बेल, दूर्वा, आघाडा घेऊन. बऱ्याचजणी पालघर, डहाणूकडच्या. रात्रीच्या गाडीनं यायचं, पहाटे विकायचं, दुपारपर्यंत घरी. मी एकीशी बोलत बसले. तिचा माल म्हणजे रानातला पाला, जो आपल्याकडं कुणी विकत घेईल असं आपल्या मनातही येणार नाही. दूर्वांची जुडी बांधायची तिची पद्धत बघून घेतली. तिथून मामा काणे यांच्या हॉटेलात नाश्ता केला. १९१० सालापासून ते चालू आहे. बटाटेवडा खाल्ला. दादर स्टेशनबाहेरच १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्य नावाच्या माणसानं पावात वडा घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. एवढीशी कल्पना, आज आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडवरही तीच विकली जाते.

मग चैत्यभूमीला गेलो. पोरांनी बाबासाहेबांना फूल वाहिलं. शेजारीच इंदू मिलच्या जागेवर त्यांचं मोठं स्मारक उभं राहतंय. तीही एक गिरणीच होती.

दादरचं नाव निघालं म्हणून अन्नपूर्णा महिला मंडळाबद्दल बोलायलाच पाहिजे. काकींसारख्या खानावळवाल्या बायका गिरणगावात हजारोंनी होत्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत त्यांची कमाई जायची. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र केलं. प्रेमाताई गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या, पुढं कामगार चळवळीतल्या. बँकेकडं तारण ठेवायला बायकांकडं काही नव्हतं, म्हणून त्या गटानं एकमेकींना जामीन राहिल्या आणि कर्ज घेतलं. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपले बचत गट यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. काकींची शेजारीण त्या मंडळात होती. काकी गेल्या नाहीत, काकांनी नको म्हटलं. पाटल्यांचा विषय निघाला तेव्हा काकी हे दोनदा म्हणाल्या.

रविवारी गिरगाव. चर्नी रोडला उतरलं की समोर चौपाटी. तिथून आत गल्ल्यांमध्ये गेलो, खोताच्या वाडीतली लाकडी घरं बघितली, केशवजी नाईक चाळीत डोकावलो. तिथला सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा. पण गिरगावात माझी मान सारखी वर होती, मी गच्च्या बघत होते. कारण लिज्जत पापड गिरगावातल्या एका गच्चीवर सुरू झाला. १५ मार्च १९५९. सात गुजराती बायका, जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

मैत्रिणींनो, मला त्या ६,१९६ पेक्षा पावसाळ्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षी पावसात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम बारमाही झालं. आमच्या तालुक्यात पाऊस किती पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि आमचे निम्मे गट जूनमध्ये पापड-कुरडईचं काम बंद करतात ते दिवाळीपर्यंत. सौर वाळवणी यंत्राचा प्रस्ताव येईल तेव्हा येईल, तोवर खाट आहे ना घरात? दुसरी गोष्ट, सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक भारी, एक स्वस्त. छगनलाल पारेख, ज्यांनी पैसे उसने दिले होते, त्यांनी सांगितलं की एकच प्रत करा आणि ती उतरू देऊ नका. आज लिज्जतमध्ये ४५ हजारांच्या आसपास बायका आहेत आणि प्रत्येकीला मालकीण म्हणून नफ्यात वाटा मिळतो. जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सुरुवात झाली तेव्हा त्यांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, प्रस्ताव लिहून दिला नव्हता. हे मी प्रशिक्षण देणारी बाई असून सांगतेय.

संध्याकाळी चौपाटीवर आत्यांनी साडी थोडी वर धरून पाण्यात पाय बुडवले. मुलीनं फोटो काढला. आत्यांना तो फोटो नको होता, पाय दिसतात म्हणून, पण आता येईल त्याला दाखवतात. रात्रीच्या एसटीनं परत निघालो. निघताना काकींनी त्यांना लालबागचा मसाला बांधून दिला आणि आत्यांनी त्यांना कमरेच्या पिशवीतले ५०० रुपये दिले. काकी घेईनात. आत्या म्हणाल्या, “त्येंच्या खाड्यातलं राहिलेलं समज.” मग घेतले. आता दर रविवारी मुलीच्या फोनवरून दोघी बोलतात, तासभर. काय बोलतात ते आम्हाला सांगत नाहीत.

हिशोब सांगते, त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. पाच माणसं, तीन दिवस, जाण्यायेण्याची एसटी धरून एकूण ६,५०० रुपये, आत्यांचे ५०० त्यात धरलेले नाहीत. सगळ्यात जास्त खर्च एसटीचा, त्याच्या खालोखाल बाहेरचं खाणं. राहायचा खर्च झाला नाही, कारण घर होतं. नातेवाईक नसतील तर राहायच्या जागेचे पैसे वेगळे धरावे लागतील, मुंबईत ते जड जातं. उन्हाळ्यात आणि गणपतीत जाऊ नका, म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. आधार कार्ड सगळ्यांची जवळ ठेवा, एसटीच्या सवलतीला लागतं. म्हाताऱ्या माणसासाठी दुपारचे दोन तास घरी पडायला ठेवा. आम्ही रोज ठेवले, म्हणून आत्या तीन दिवस चालू शकल्या.

आमच्या ग्रामसंघातल्या नऊजणी माघ महिन्यात सासवांना घेऊन जायचं म्हणताहेत. कुणाला त्यांच्यासोबत यायचं असेल तर पुढच्या मासिक बैठकीत नाव द्या. काकींनी सांगितलंय की त्यांच्या चाळीत जिन्याखाली मंडळाची खोली आहे, दोन दिवस आधी कळवलं तर मिळेल. अंथरूण आपापलं न्यायचं.